आजोळ आणि पारपत्र

रायन विल्यम्स हा फुटबॉलपटू ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचा नागरिक झाला, ही नोव्हेंबर २०२५ मधील घटना. त्याच महिन्याच्या २ तारखेला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता. महाराष्ट्राचे क्रीडामन त्या आनंदात दंग असताना एका फुटबॉलपटूच्या पारपत्राची विशेष दखल घेतली जाणे कठीणच होते. परंतु या घटनेचा एक धागा मुंबईच्या कुपरेज मैदानापाशी येऊन पोचतो आणि दुसरा धागा दादर-गिरगावच्या सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांत शिरतो. म्हणून ती केवळ क्रीडापानावर सोडून देण्याजोगी नाही.

रायनचा जन्म १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे झाला. इंग्लंडमध्ये फुलहॅम, पोर्ट्समथ आदी क्लबांकडून तो खेळला. ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ संघात तो होता आणि २०१९ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्धच्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात त्या देशाच्या मुख्य संघाची जर्सीही त्याने अंगावर चढविली. २०२३ पासून तो बंगळुरू एफसी या क्लबकडून खेळू लागला. त्याची आई मुंबईत जन्मलेली, अँग्लो-इंडियन कुटुंबातील. आईचे वडील लिंकन ग्रोस्टेट हे १९५० च्या दशकात संतोष करंडक स्पर्धेत मुंबईच्या संघातून खेळले होते. कायद्याच्या भाषेत याला 'भारतीय मूळ' म्हणतात. मराठीत त्याहून नेमका शब्द आहे. मुंबई हे रायनचे आजोळ आहे.

आजोळ या शब्दात एक खास छटा आहे. परंपरेने आजोळच्या वाड्यावर, शेतीवर नातवाचा दावा नसे. त्याचा हक्क असे तो मायेवर. सुट्टीत यावे, आजीच्या हातचे खावे, अंगणात हुंदडावे आणि जून महिना लागला की आपल्या घरी परतावे. त्या घराच्या कर्जाची, वादांची, छप्पर शाकारण्याची जबाबदारी भाच्यावर कधी नसते. आज परदेशस्थ भारतीयांना 'ओसीआय' कार्डाने जे नाते दिले आहे ते जवळपास असेच आहे. केव्हाही या, कितीही दिवस राहा, व्यवसाय करा. मतदान नाही, घटनात्मक पद नाही, शेतजमिनीची खरेदी नाही. रायनने मात्र आजोळी केवळ सुट्टी घालविण्याचे नाकारले. त्याने त्या घराच्या शिधापत्रिकेवर नाव घातले आणि त्यासाठी पहिल्या घराच्या शिधापत्रिकेवरील नाव कमी केले.

हे त्याला करावेच लागले, कारण भारताचा नियम तसा आहे. डिसेंबर २००८ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने स्पष्ट केले की, भारताचे प्रतिनिधित्व केवळ भारतीय पारपत्रधारकच करू शकेल. त्यापूर्वी टेनिसमध्ये प्रकाश अमृतराज अमेरिकेचा नागरिक असूनही डेव्हिस चषकात भारतासाठी खेळत असे. विजय अमृतराज यांचा तो पुत्र, त्यामुळे कुणाला वावगेही वाटत नसे. २००८ नंतर ही वाट बंद झाली. भारतीय राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदाने स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपते, आणि दुहेरी नागरिकत्व या देशाने कधीच मान्य केलेले नाही. तेव्हा क्रीडा मंत्रालयाने नवे काही केले नाही. घटनेतील तत्त्व खेळाच्या मैदानावर आणले, एवढेच.

या नियमाविरुद्ध फुटबॉलच्या वर्तुळात गेली अनेक वर्षे कुरकुर चालू आहे. भारतीय संघाच्या परकीय प्रशिक्षकांनी ती वारंवार बोलून दाखविली. त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकही आहे. प्रशिक्षकाला पुढचा सामना जिंकायचा असतो. राष्ट्र म्हणजे काय याचा निवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. आणि २०२५ या वर्षाने कुरकुरणाऱ्यांच्या हाती पुरेसा दारूगोळा दिला. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशविरुद्ध गोलशून्य बरोबरी, जूनमध्ये हाँगकाँगकडून पराभव, ऑक्टोबरमध्ये गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरकडून पराभव आणि त्याबरोबर २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद. नोव्हेंबरच्या १८ तारखेला ढाक्यात बांगलादेशाने भारताला १-० असे हरविले. बावीस वर्षांनी त्यांना हे जमले. रायन त्या वेळी संघाबरोबर ढाक्याला गेला होता, परंतु ऑस्ट्रेलियाकडून आवश्यक ती कागदपत्रे वेळेत न आल्याने त्याला खेळता आले नाही. बांगलादेशाच्या संघात मात्र हमझा चौधरी होता. इंग्लंडमध्ये जन्मलेला, लेस्टर सिटीकडून खेळलेला, आईच्या बाजूने बांगलादेशी. तेही आजोळच! पण हमझाला ब्रिटनचे पारपत्र सोडावे लागले नाही, कारण बांगलादेशाचा कायदा दोन्ही पारपत्रे एका खिशात ठेवू देतो.

मग भारतानेही तसेच का करू नये? एकशेचाळीस कोटींच्या देशाला अकरा खेळाडू मिळत नाहीत, जगभर पसरलेल्या भारतवंशीयांत ते असतील, तर केवळ पारपत्राच्या रंगापायी त्यांना का नाकारायचे? हा प्रश्न वरवर बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर देण्यासाठी फुटबॉलच्या जगाकडेच पाहिले पाहिजे.

फुटबॉलच्या जगाने या बाबतीत सर्व प्रकार पाहिले आहेत. २०१० च्या विश्वचषकात जर्मनी आणि घाना यांच्या सामन्यात बोआटेंग आडनावाचे दोन सावत्र भाऊ समोरासमोर उभे राहिले. जेरोम जर्मनीच्या जर्सीत आणि केविन-प्रिन्स वडिलांच्या देशाच्या, घानाच्या जर्सीत. दोघेही बर्लिनचे. २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या २६ जणांपैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. फ्रान्स, नेदरलँड्स, बेल्जियम, स्पेन या देशांत वाढलेल्या त्या मुलांनी आई-वडिलांचा देश निवडला आणि मोरोक्कोच्या रस्त्यांवर जो जल्लोष झाला तो खोटा नव्हता. याच्या उलट मेसुत ओझिल. तुर्की वंशाचा, जर्मनीत जन्मलेला, २०१४ चा विश्वविजेता. तुर्कस्तानच्या अध्यक्षांबरोबर छायाचित्र काढले म्हणून टीका झाली, आणि जिंकलो की जर्मन, हरलो की स्थलांतरित, अशी तक्रार करीत तो २०१८ मध्ये राष्ट्रीय संघातून बाहेर पडला. त्याची तक्रार खोटी म्हणता येत नाही आणि जर्मनांचा प्रश्नही खोटा म्हणता येत नाही.

या गोष्टींना आणखी एक, बाजारी बाजू आहे. २००४ मध्ये कतारने काही ब्राझिली खेळाडूंना पैसे देऊन आपल्याकडून खेळविण्याचा घाट घातला, तेव्हा फिफाला घाईघाईने नियम करावा लागला की, खेळाडूचा त्या देशाशी खराखुरा संबंध हवा. जन्म, आई-वडील, आजी-आजोबा किंवा दीर्घ वास्तव्य, यांपैकी काहीतरी दाखविले पाहिजे. नियम झाला आणि त्याबरोबर आजोबांना किंमत आली. बाजारात ज्याला किंमत येते त्याची नक्कलही होते. सप्टेंबर २०२५ मध्ये फिफाने मलेशियाच्या सात खेळाडूंवर बंदी घातली आणि तेथील संघटनेला दंड केला. या खेळाडूंचे आजी-आजोबा मलेशियात जन्मल्याचे दाखले सादर झाले होते. प्रत्यक्षात ते आजी-आजोबा अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, नेदरलँड्स या देशांत जन्मले होते, असे फिफाला आढळले. चार गोलांनी व्हिएतनामला हरविण्यासाठी एका राष्ट्राने पूर्वज विकत घेतले होते!

येथेच भारतीय नियमाचे मोल कळते. नागरिकत्व ही रक्ताची चाचणी नाही आणि पैशाचा करारही नाही. त्यात काहीतरी सोडावे लागते. जो काहीच सोडत नाही त्याच्याविषयी त्याच्या मनात काय आहे हे कुणाला कळणार? दुहेरी पारपत्रावर खेळणारा खेळाडू अप्रामाणिक असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. हमझा चौधरी ढाक्यात जीव तोडून खेळला. परंतु सामना संपल्यावर तो ज्या कायद्याखाली राहायला जातो, ज्या सरकारला कर भरतो, ज्या संसदेला मत देतो, ती ढाक्याची नाहीत. इस्रायलने १९५० मध्ये ज्यूंसाठी परतीचा कायदा केला आणि मुंबई-कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्रायलीही त्या कायद्याच्या आधारे तिकडे गेले. त्या देशाने वंशाला नागरिकत्वाचे दार सताड उघडे ठेवले हे खरे, पण तेथे नागरिक होणाऱ्याच्या मुलाला वयात आल्यावर सैन्याचा गणवेश चढवावा लागतो. दार उघडे असले तरी घर फुकट नाही.

इंडोनेशियाचे उदाहरण भारतातील दुहेरी नागरिकत्ववादी नेहमी देतात. नेदरलँड्समध्ये जन्मलेले, इंडोनेशियन आजी-आजोबांचे कितीतरी खेळाडू त्या देशाने संघात घेतले आणि विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत चौथ्या फेरीपर्यंत मजल मारली. मात्र हे सांगताना एक तपशील गाळला जातो. इंडोनेशियाचा कायदाही प्रौढांना दुहेरी नागरिकत्व देत नाही. ती मुले इंडोनेशियाची नागरिक झाली, शपथ घेऊन. भारतातही हा मार्ग बंद नाही. अराता इझुमीने तो २०१२ मध्येच चोखाळला होता. भारतीय पिता, जपानी माता, जन्म जपानचा. मुंबईच्या महिंद्र युनायटेडकडून आणि नंतर पुण्याकडून खेळताना त्याने जपानचे पारपत्र सोडले आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी मिळविली. जपानचे पारपत्र म्हणजे जगातील सर्वांत वजनदार पारपत्रांपैकी एक. ते सोडून त्याला मिळाले जेमतेम नऊ-दहा सामने. व्यवहारी माणूस याला आतबट्ट्याचा सौदा म्हणेल.

मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास या प्रश्नावर फार वेगळा प्रकाश टाकतो, आणि तो नव्या पिढीला जवळपास अज्ञात आहे. कुपरेज हे नावच पिंपे बनविणाऱ्या कारागिरांच्या छपरांवरून पडलेले. इंग्रज पलटणींनी १८९१ मध्ये सुरू केलेला रोव्हर्स चषक याच शहराचा. २०००-०१ च्या हंगामानंतर ती स्पर्धा बंद पडली. या मैदानावरचे अनेक मोठे खेळाडू गोमंतकीय होते. गिरगावच्या वेशीवर धोबीतलावला, जेर महालासारख्या इमारतींत गोव्याच्या गावागावांच्या 'कुडी' होत्या. बोटीवर खलाशी म्हणून जाणारा, नोकरी शोधणारा गोमंतकीय तरुण आपल्या गावच्या कुडीत उतरे. ट्रंक ठेवण्यापुरती जागा, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉल. मुंबईच्या कंपन्यांचे, गिरण्यांचे संघ त्यांतून खेळाडू उचलीत.

नेव्हिल डिसूझा हा त्यांतला मुकुटमणी. मूळचा बार्देशातील आसगावचा, मुंबईत टाटा संघाचा आघाडीचा खेळाडू. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १ डिसेंबर रोजी त्याने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. भारत उपांत्य फेरीत पोचला आणि चौथा आला. आजही भारतीय फुटबॉलची ती ऑलिंपिकमधील सर्वोच्च कामगिरी आहे.

आता तारीख पुन्हा पाहावी. १९५६. गोवा त्या वेळी पोर्तुगालच्या ताब्यात होता. पोर्तुगीज राज्यघटनेच्या लेखी तो पोर्तुगालचा सागरपार प्रांत आणि गोव्यात जन्मलेला मनुष्य पोर्तुगीज नागरिक. मोझांबिकमध्ये जन्मलेला युसेबिओ याच न्यायाने पोर्तुगालकडून खेळला आणि १९६६ च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारा ठरला. म्हणजे कागद पाहायचे तर आसगावच्या मुलावर लिस्बनचा हक्क होता. त्याच सुमारास दादर-गिरगावातून तरुणांच्या तुकड्या गोव्याच्या सत्याग्रहाला निघत होत्या. २ ऑगस्ट १९५४ ला दादरा-नगरहवेली मुक्त करणाऱ्या स्वयंसेवकांत दादरला राहणारे सुधीर फडके होते. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. मोहन रानडे त्याच वर्षी पकडले गेले, ते पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ मध्ये. एकीकडे हे रक्त सांडत असताना दुसरीकडे एक गोमंतकीय ख्रिस्ती तरुण मेलबर्नला भारताच्या जर्सीत तीन गोल करीत होता. गोवा भारताचा आहे की नाही, यावर संयुक्त राष्ट्रांत जी भाषणे झाली त्यांच्या तुलनेत हा पुरावा कमी वजनाचा म्हणता येणार नाही. कोलवाळचे फोर्चुनात फ्रँकोही असेच लहानपणी मुंबईत आलेले, टाटांकडून खेळलेले. १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात ते होते. तोवर गोवा मुक्त होऊन काही महिनेच झाले होते.

मुक्तीनंतर १९६२ च्या आदेशाने गोमंतकीयांना २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक मानण्यात आले. ज्यांना ते नको असेल त्यांनी महिन्याभरात तसे लेखी कळवायचे होते. प्रश्न तेथे संपायला हवा होता. पण पोर्तुगालने मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा आणि त्यांच्या मुला-नातवंडांचा नागरिकत्वाचा हक्क मान्य ठेवला आणि आसगाव, कोलवाळसारख्याच गावांतील तरुण लिस्बनला नोंदणी करून २०२० पर्यंत इंग्लंडमधील स्विंडनला गोदामांत काम करायला जात असत. ज्या कागदावर १९५६ मध्ये मैदानात पाणी सोडले गेले, तोच कागद पन्नास-साठ वर्षांनी पेटीतून काढला गेला. त्यांना दूषणे देणे सोपे आहे. गोव्यात राहून त्यांना काय मिळाले असते, हे विचारणे अधिक कठीण आहे.

अँग्लो-इंडियनांचे स्थलांतर तर स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकातच झाले. जबलपूरचे पिअर्स कुटुंब पर्थला गेले आणि त्यातील पाचही भाऊ ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले. भारतीय मातीत शिकलेली हॉकी त्यांनी भारताविरुद्ध वापरली. लेस्ली क्लॉडियस राहिले, आणि भारताला तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवून देणाऱ्यांत गणले गेले. जे गेले त्यांना भीती होती की, नव्या भारतात आपल्याला कोण विचारील. ती भीती किती खरी आणि किती खोटी याचा हिशेब आता काढण्यात अर्थ नाही. ज्या पर्थला ते गेले त्याच पर्थहून, मुंबईच्या एका अँग्लो-इंडियन फुटबॉलपटूचा नातू उलट दिशेने आला आहे, ही मात्र नवी गोष्ट आहे.

येथे हिंदुत्वाच्या विचाराने चालणाऱ्या कार्यकर्त्यासमोर एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९२३ मध्ये 'हिंदुत्व' ग्रंथात पितृभू आणि पुण्यभू ही कसोटी सांगितली. रायन विल्यम्स तिच्यावर कुठे बसतो? त्याची पुण्यभू येथे नाही, आणि पितृभूमीही ऑस्ट्रेलियाच म्हणावी लागेल. आहे ते केवळ आजोळ. परंतु ती कसोटी हिंदू कोण हे ठरविण्यासाठी होती, भारताचा नागरिक कोण हे ठरविण्यासाठी नव्हे, हे सावरकर वाचलेल्यांना ठाऊक असते. न वाचलेले विरोधक आणि न वाचलेले समर्थक या दोघांचाच त्यात गोंधळ होतो. शिवाय त्याच ग्रंथात सावरकरांनी भगिनी निवेदितांचा विचार केला आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेली स्त्री, जिचे रक्त येथले नाही, पण जिने या भूमीला आणि तिच्या संस्कृतीला आपले म्हटले, तिला अपवाद म्हणून का होईना, आपल्यात मोजायला ते तयार होते. निवेदितांची भारतभक्ती आणि एका व्यावसायिक खेळाडूचा निर्णय यांची तुलना कुणी करू नये. पण स्वेच्छेने, तोटा सोसून येणाऱ्याला दारात उभे करून गोत्र विचारायचे नसते, एवढे तरी त्यातून निघतेच.

उलट गोत्र ज्यांचे निर्विवाद आहे त्यांचे काय? संसदेत सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९ आणि २०२४ मध्ये २,०६,३७८ भारतीयांनी नागरिकत्व सोडले. तीन वर्षांत साडेसहा लाखांच्या जवळपास माणसे. हे गोव्यातील गोदाम कामगारच आहेत असे कुणी समजू नये. दादरच्या हिंदू कॉलनीत, गिरगावच्या चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत, परळच्या नव्या सदनिकांत अशी घरे दाखविता येतील, जेथे आजोबांनी आणीबाणीत तुरुंगवास भोगला, वडिलांनी कारसेवेला हजेरी लावली आणि नातवाने न्यू जर्सीत उजवा हात वर करून अमेरिकेची शपथ घेतली. त्या शपथेत पूर्वीच्या देशाविषयीची सर्व निष्ठा सोडून देत असल्याचे स्पष्ट शब्दांत म्हणावे लागते. समारंभाची छायाचित्रे घरोघर कौतुकाने पाहिली जातात आणि त्याच दिवाणखान्यात, अमुक समाजाची निष्ठा या देशाशी आहे का, यावर तावातावाने चर्चाही होते.

ब्रिटनमधील नॉर्मन टेबिट या राजकारण्याने १९९० मध्ये आशियाई स्थलांतरितांना विचारले होते की, क्रिकेटच्या सामन्यात तुम्ही कुणाच्या बाजूने ओरडता? त्यावर तेथे मोठे वादळ उठले. मुंबईकरांची अशी परीक्षा १२ जून २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये झाली. टी-ट्वेंटी विश्वचषकात अमेरिकेच्या सौरभ नेत्रावळकरने विराट कोहलीला शून्यावर आणि रोहित शर्माला तीन धावांवर बाद केले. सौरभ मुंबईचा, २०१० मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघाकडून विश्वचषक खेळलेला, मुंबईकडून रणजी सामना खेळलेला, आणि मुंबईत संधी न उरल्याने संगणकशास्त्र शिकायला अमेरिकेला गेलेला. क्रिकेटचा नियम तीन वर्षांच्या वास्तव्यावर संतुष्ट होतो. मराठी घरांत त्या रात्री भारत जिंकल्याचा आनंद झाला आणि सौरभचेही कौतुक झाले. त्यात गैर काही नाही. आपला मुलगा कुठेही चमकला तर आईला बरे वाटतेच. पण हीच सवलत मग स्विंडनच्या गोमंतकीयाला आणि बर्मिंगहॅमच्या मीरपुरीला द्यायची की नाही, याचाही निर्णय करावा लागेल. निष्ठेचे माप दोन आकारांत ठेवता येत नाही.

आणखी एक गोष्ट. रायन विल्यम्स किंवा त्याच्यासारखे चार जण आल्याने भारतीय फुटबॉल वर येईल, हा भ्रम आहे. तो आला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. त्याच्या निर्णयाचे मोल राष्ट्रीय आहे, क्रीडाविषयक लाभ तात्पुरता. फुटबॉल वर यायचा तर तो परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर, नायगावच्या पोलीस मैदानावर, कोल्हापूरच्या पेठांत यायला हवा. कोल्हापुरात आजही तालमींच्या नावाने संघ उतरतात आणि पाटाकडील तालमीचा सामना असला की पेठ दुकाने लवकर आवरते. मुंबईत तसे उरलेले नाही. ज्या गिरण्या, ज्या कंपन्या खेळाडूंना नोकरी देत त्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून मिटल्या. मफतलाल, ऑर्के मिल्स ही नावे हारवुड लीगच्या जुन्या तक्त्यांत शोधावी लागतात. महिंद्रने राष्ट्रीय विजेतेपद मिळवूनही २०१० मध्ये संघ बंद केला. लालबागच्या मुलाला खेळण्यासाठी गिरणीच्या आवारातील मोकळी जागा होती, तेथे आता वाहनतळ आहे. याही परिस्थितीत मुंबईतून राहुल भेकेसारखा बचावपटू निघतो आणि भारताच्या संघात पोचतो. २०१९ मध्ये मुंबईच्याच अंधेरीतील मैदानावर जादा वेळेत डोक्याने गोल करून त्याने बंगळुरूला इंडियन सुपर लीग जिंकून दिली होती. आता तो आणि रायन एकाच क्लबात आहेत. एकाला मुंबई जन्माने मिळालेली, दुसऱ्याला आईकडून.

परदेशस्थ खेळाडूंसाठी नियम शिथिल करण्याची मागणी पुन्हा पुन्हा होत राहील. फुटबॉल महासंघाने तिला बळी पडू नये. त्याऐवजी ज्यांना रायनसारखे यायचे आहे त्यांची नागरिकत्वाची प्रकरणे लालफितीत महिनोन्महिने अडकणार नाहीत, याची व्यवस्था गृह मंत्रालयाने आणि महासंघाने मिळून करावी. पारपत्र सोडून येणाऱ्याला ढाक्यात राखीव बाकावरही बसता येऊ नये, ही नामुष्की त्या खेळाडूची नव्हती.

आणि दादर-गिरगावच्या घरांपुरते बोलायचे, तर त्यांच्याकडे या व्यवहाराची कागदपत्रे आधीच तयार असतात. परदेशातील नातवासाठी ओसीआय कार्डाचा अर्ज करायचा की आजोबा कपाटातील जुनी पिशवी काढतात. त्यांचे स्वतःचे जीर्ण पारपत्र, जन्मदाखला, चिरंजीवांची कागदपत्रे, सारे छायांकित करून, साक्षांकित करून पाठविले जाते. लिंकन ग्रोस्टेट यांच्या नातवालाही मुंबईचे मूळ असेच कागदोपत्री दाखवावे लागले असणार. तीच पिशवी नागरिकत्वाच्या अर्जालाही उपयोगी पडते. तो अर्ज वेगळा असतो. त्याला ओसीआय म्हणून पाच वर्षांची नोंद लागते आणि अर्जापूर्वीचे बारा महिने भारतात राहावे लागते.